आपली कथा आम्ही काळजीपूर्वक वाचली

लेखक व्हायचं तर आधी घरातली एक खिडकी ताब्यात घ्यावी लागते, हे मला ऑनलाइन कोर्सच्या पहिल्याच धड्यात कळलं. पडद्यावरचे सर म्हणाले, लेखकाला स्वतःचा कोपरा हवा, उजेड हवा आणि मान वर केली की थोडं आकाश दिसायला हवं. सरांच्या मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट होतं. पुढच्या सगळ्या धड्यांत त्यातलं एकही पुस्तक जागचं हललं नाही, पण हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आमच्या घरात खिडकी म्हणावी अशी एकच, आणि तिच्याखाली बायकोचं शिलाई मशीन. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देणं, उसवलेलं शिवणं, नवीन बेतणं हे तिचं काम. मी सरांचं म्हणणं तिला शब्दशः ऐकवलं. तिने सुईतला दोरा तोडला, मशीन पुसलं आणि बाथरूमसमोरच्या बोळात नेऊन ठेवलं. त्या बोळात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मग तिने माझ्यासाठी खिडकीची काच आतून-बाहेरून पुसली. माझ्या साहित्यसेवेत तिचा वाटा इतकाच, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

खरं तर मी लेखक व्हायचं ठरवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. लेखक मी होतोच, फक्त ते जाहीर व्हायचं राहिलं होतं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात मी उत्तरं लिहितो. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ आहे, गढूळ नसेल तेव्हा बिल जास्त आहे, अशा सगळ्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात आणि त्यांना मी उत्तर देतो. पाणी देणं माझ्या हातात नाही, उत्तर देणं आहे. आमच्या खात्याचा नियम असा की उत्तर गेलं की तक्रार बंद. पाणी आलं की नाही हा प्रश्न वेगळ्या विभागाचा. आणि मला अभिमान आहे तो याचा, की माझं उत्तर मिळाल्यावर आजवर एकाही माणसाने दुसऱ्यांदा तक्रार केलेली नाही. साहेब स्वतः म्हणायचे, तुमचं उत्तर वाचून माणूस पाण्याशिवाय राहायला शिकतो. ही शैली नाही तर दुसरं काय?

तरी बढतीच्या वेळी साहेबांनी मला वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि माझ्यामागून आलेल्या, 'नोंद घेतली' हे दोन शब्दही धड न लिहिणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी मी घरी आलो तो अंगात वीज घेऊनच. बायकोला म्हटलं, आता जगालाच दाखवतो. ती म्हणाली, आधी हातपाय धुवा. लेखकाच्या आयुष्यातले मोठे क्षण घरच्यांना कळत नाहीत, हे मी त्याच वेळी मनात टिपून ठेवलं.

कोर्समध्ये नाव घातलं ते मुलीने, परगावाहून, फोनवरूनच. कोर्सवाल्यांची जोडी योजना होती. एकाची फी भरली की घरातल्या दुसऱ्या माणसाला प्रवेश फुकट. ही दुसरी जागा मी तळमजल्यावरच्या बँकवाल्यांना देऊ केली. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्यांना सल्ला देतात आणि पैसे मात्र बँकेतच ठेवतात. ते म्हणाले, लेखन शिकवून येत नसतं, ते रक्तात असावं लागतं, आणि फी परत मिळते का ते आधी बघा. मुलगी म्हणाली, बाबा, जागा घरातल्याच माणसाला देता येते. मी म्हटलं, मग राहू दे, घरात आणखी कोण लिहिणार आहे. बायको तेव्हा खिडकीखाली मशीनवर कुणाच्या तरी पॅन्टची लांबी कमी करत होती. मशीन जरा वेळ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

प्रवेश झाला, पण नावाआधी 'श्रीमती' लागलं. म्हणजे मी दर धड्याला पडद्यावर श्रीमती म्हणून हजर. मी कोर्सवाल्यांना कळवलं. उत्तर आलं की ओळखपत्राची प्रत पाठवा. प्रत पाठवली. उत्तर आलं की फोटो अस्पष्ट आहे. स्पष्ट पाठवला. उत्तर आलं की नावातलं अक्षर जुळत नाही, तरी अर्जदार श्रीमती यांनी स्वतः येऊन खात्री करावी. स्वतः कुठे यायचं, हे लिहिलेलं नव्हतं, कारण कोर्सला जागाच नव्हती. तक्रारीच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला असली उत्तरं बघून दया येते. मुलगी म्हणाली, दोन नावं भरताना काहीतरी उलटसुलट झालं असेल. दोन नावं कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. बँकवाले म्हणाले, श्रीमती ठेवा, बायकांचं लोक जास्त वाचतात. मी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलणं सोडलं. उघडपणे सोडता येत नाही, त्यांची शिडी लागते.

दुसऱ्या धड्यात सर म्हणाले, जिथे दुखतं तिथून लिहा. मी बराच वेळ शोधलं. दुखत होता तो गुडघा आणि बढती. गुडघ्यावर फार लिहिता येईना, म्हणून बढती घेतली. कथेचं नाव 'खुर्ची'. एक बुद्धिमान, स्वाभिमानी कारकून आणि एक कपटी साहेब. साहेबांना कळू नये म्हणून त्यांच्या उजव्या गालावरचा तीळ मी डाव्या गालावर घेतला आणि स्वतःला थोडं उंच केलं. तिसऱ्या धड्यात सर म्हणाले, नायकाच्या वाटेत अडथळा हवा, आणि तो घरातच असेल तर कथा पेट घेते. माझ्या घरात अडथळा नव्हता, ही माझी मोठीच अडचण झाली. शेवटी मी नायकाला एक बायको दिली. कजाग, जाडजूड, नवऱ्याच्या लिहिलेल्या कागदांवर कपड्यांचे बेत आखणारी आणि दिवसभर मशीन खडखडवून त्याची प्रतिभा मारणारी. सर म्हणतात तसंच झालं, कथा धडाधडा पेटली. नायक म्हणतो, 'या मशीनच्या आवाजाखाली माझं आयुष्य शिवलं गेलं,' हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःच थोडा वेळ खिडकीतून आकाश बघत बसलो. तेवढ्यात बायको चहा ठेवून गेली. मी लिहीत असलो की ती मशीन चालवत नसे. हाताने टाके घालत बसे.

आता कोर्सची पद्धत सांगतो. सर कुणाचं काही वाचत नाहीत. विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं वाचायचं. कथा चढवली की खाली एक डोळा उमटतो आणि कथा शेवटपर्यंत वाचणारा प्रत्येक माणूस त्या डोळ्याशेजारी मोजला जातो. अभिप्राय लिहायचा असेल तर मात्र कथा वाचावी लागत नाही, तो कुठूनही लिहिता येतो. त्यामुळे सगळे लेखक धावत धावत एकमेकांच्या कथांखाली 'हृदयस्पर्शी' लिहून येत आणि आपल्या डोळ्याकडे बघत बसत. माझ्या 'खुर्ची'खालीही पुष्कळ हृदयं स्पर्शली गेली. डोळ्याशेजारी शून्य. मी सकाळी ऑफिसला निघताना शून्य बघायचो, जेवणाच्या सुट्टीत शून्य बघायचो, घरी येऊन बूट काढायच्या आधी शून्य बघायचो. खोटं कशाला बोलू, मला रडायला यायचं. बढती गेली तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं. माझी कथा एका माणसाने, फक्त एका माणसाने शेवटपर्यंत वाचावी, एवढंच मला हवं होतं.

बायकोला वाचायला दिली नाही. त्याची कारणं सांगायची गरज नाही.

आणि एका संध्याकाळी शून्याचा एक झाला. मी बूट पायात असतानाच घरभर फिरलो. मला कुणीतरी वाचलं होतं. कोण असेल? बँकवाल्यांना मीच कोर्समधल्या कथेची लिंक पाठवली होती. मी खाली गेलो, न बोलण्याचं ठरवलेलं विसरून बोललो. ते म्हणाले, वाचली ना, उत्तम, शेवट तर अंगावर आला. मला भरून आलं. मी विचारलं, शेवटाचं नेमकं काय आवडलं? ते म्हणाले, तो म्हातारा जहाजावर एकटा उभा असतो ते. माझ्या कथेत जहाज नाही. म्हातारा नाही. पाणीसुद्धा नाही, पाणीपुरवठा खातं असून. मी शिडी न मागता वर आलो.

मग मला शंका आली की साहेबांनीच वाचली असावी, आणि मी घाबरून ऑफिसात चार लोकांत साहेबांच्या सहृदयतेची स्तुती केली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि मला गढूळ पाण्याच्या तक्रारी जास्तीच्या दिल्या. म्हणजे त्यांनी वाचली नव्हती. वाचली असती तर कमी दिल्या असत्या का, तेही सांगता येत नाही. घरात त्या दिवसांत बायको जरा गप्प असे. मी मनाशी म्हटलं, माझी कीर्ती होऊ लागली म्हणून बिचारी बावरली आहे.

इकडे मी मात्र नियमाने दुसऱ्यांच्या कथांना अभिप्राय देत होतो. 'हृदयस्पर्शी' लिहिणं माझ्या हाताला जमेना, म्हणून मी आपल्या वळणाने लिहायचो. 'आपली कथा प्राप्त झाली. आम्ही ती काळजीपूर्वक वाचली. तीत आयुष्य आहे. चांगल्या लेखनाला वाचक मिळण्यास थोडा अवधी लागतो, याची आपणास कल्पना असेलच. आपण लिहीत राहावे.' ज्याला हे मिळे तो शांत होई. माझी कथा वाचत नसे, पण शांत होई. हे कोर्सवाल्यांच्या नजरेत भरलं. त्यांच्याकडे तक्रारींचा पूर आला होता, सगळ्यांची एकच, की आमचं कुणी वाचत नाही. एके दिवशी कोर्समधल्या मॅडमचा फोन आला. आवाज माझ्या मुलीच्या वयाचा. म्हणाल्या, काका, तुम्ही इतकं छान लिहिता, आमच्या तक्रारींना उत्तरं द्याल का? श्रीमती असून काका कसा, हे मी विचारलं नाही. मला 'साहित्य संवादक' असं पद मिळालं. मानधनाचं पुढे बघू म्हणाल्या. पदाआधीचं श्रीमती तसंच राहिलं.

मी घरी येऊन जाहीर केलं, की लेखनाच्या क्षेत्रात माझी नेमणूक झाली आहे. बायको बोळातून म्हणाली, "म्हणजे ऑफिसातलंच काम, पण घरी?"

मी तिला समजावलं की तिथे पाणी येत नाही म्हणून लोक लिहितात, इथे वाचक येत नाहीत म्हणून लिहितात, दोन्हींत फार फरक आहे. उत्तर गेलं की तक्रार बंद, एवढाच नियम सारखा. ती म्हणाली, "आणि कथा वाचायची कुणी?" मी म्हटलं, तो वेगळा विभाग.

खिडकीत बसून मी उत्तरं पाठवत सुटलो. कथा वाचायचा प्रश्नच नव्हता, तक्रारी वाचतानाच डोळे दुखत. लेखक लोक फार वाईट तक्रार करतात. पाणी नसलेला माणूस मुद्द्याचं लिहितो, वाचक नसलेला माणूस बालपणापासून सुरू करतो. त्यात एकच तक्रार मला मनापासून आवडली. 'खिडकी' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा बाईची होती. लिहिलं होतं: 'मी एकच कथा लिहिली. लोकांनी वाचावी असं काही नाही. ज्याच्यासाठी लिहिली त्याने वाचली नाही. काय करावं ते सांगा.' ना आरडाओरडा, ना शिव्या, ना बालपण. तक्रार असावी तर अशी, असं मी मॅडमना कळवलंसुद्धा, आणि इतरांना नमुना म्हणून दाखवावी अशी शिफारस केली. तिच्यासोबत कथा जोडलेली होती. मी ती उघडली नाही. उत्तर पाठवलं, नेहमीचं. फक्त शेवटी एक 'अवश्य' जास्तीचं घातलं. आपण अवश्य लिहीत राहावे. तक्रार बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी टेबलाशी बसलो होतो आणि बायको दारातल्या उजेडात शर्टाला काज करत होती. तिचं बोट सुईने टोचून टोचून काळं पडलं होतं, ते मला त्या दिवशी दिसलं. तिने काम खाली ठेवलं, फोन घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागली.

"आपली कथा प्राप्त झाली. आम्ही ती काळजीपूर्वक वाचली. तीत आयुष्य आहे."

लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मला बरंच वाटलं. वाक्यांची चाल कशी नेमकी पडली होती. मी मानही डोलावली. मग तिने ते शेवटपर्यंत वाचलं, आणि त्या 'अवश्य'वर आली, आणि माझी मान जागच्या जागी थांबली. तो 'अवश्य' मी एकाच माणसाला पाठवला होता.

"तीत आयुष्य आहे म्हणे," ती म्हणाली. "कुणाचं?"

 जोडी योजनेतली दुसरी जागा, मुलीने भरलेली दोन नावं, चुकून माझ्या डोक्यावर बसलेलं श्रीमती, सगळं एकामागून एक समोर आलं. आणि डोळ्याशेजारचा तो एक. जहाजवाले बँकवाले नव्हते, साहेब नव्हते. माझी 'खुर्ची' शेवटपर्यंत वाचणारं जगातलं एकमेव माणूस आमच्या बोळात, दिव्याखाली बसलेलं होतं. त्या कजाग, जाडजूड बाईसकट वाचली होती. मशीनच्या आवाजासकट. मला वाचकाची इतकी भूक होती, आणि मिळालेल्या एका वाचकाला मी हे वाढलं होतं.

"अगं, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "तू माझी वाचलीस, आणि सांगितलं नाहीस?"

"तुमची वाचल्यावरच लिहिली मी. बोलायला बसले असते तर भांडण झालं असतं. म्हटलं, तुम्ही आता लोकांचं वाचता, तर लिहून सांगावं."

"मी वाचतो. आत्ता वाचतो. कुठे आहे?"

"काढून टाकली."

"का?"

तिने शर्ट पुन्हा हातात घेतला. "उत्तर आलं ना. उत्तर आलं की बंद होतं, तुम्हीच सांगता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी हात जोडले असते, पाया पडलो असतो, निदान भांडलो असतो. मी विचारलं, कशावर होती कथा? ती म्हणाली, होती आपली. पहिलं वाक्य तरी सांग म्हटलं, तर म्हणाली, आता नाही आठवत. ती खोटं बोलत होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची मापं तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला स्वतःचं वाक्य आठवत नाही, हे मला पटणारं नव्हतं.

त्याच दुपारी मी टेबल उचलून बोळात नेलं आणि मशीन खिडकीखाली आणून ठेवलं. गुडघ्याने तेव्हा माझे जे हाल केले त्यावर खरोखर एक कथा होईल. बायको आली, बघितलं आणि म्हणाली, राहू द्या, मला तिकडची सवय झाली. मशीन पुन्हा बोळात गेलं. टेबलाला आता बोळातही जागा उरली नाही आणि खिडकीत ठेवण्याची मला हिंमत झाली नाही, म्हणून ते दोन दारांच्या मध्ये उभं आहे आणि जाता-येता सगळ्यांच्या कंबरेला लागतं. बँकवाल्यांनी सल्ला दिला की विकून टाका.

काढलेली कथा कोर्सवाल्यांकडे कुठेतरी शिल्लक असते असं मुलगी म्हणाली. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, काका, असं तोंडी नाही चालत, रीतसर तक्रार टाका. मी टाकली. हयातभर दुसऱ्यांच्या तक्रारी वाचलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतः मनापासून तक्रार लिहिली. 'खिडकी या नावाने एक कथा होती. ती माझ्या बायकोची आहे. ती मी न वाचता वाचली असं कळवलं. कृपा करून ती मला एकदा वाचायला द्यावी.' बालपणापासून सुरू केलं नाही. मुद्द्याचं लिहिलं. मग उत्तरं देणारा मीच आहे हे आठवून माझी तक्रार माझ्याकडे यायची वाट बघत बसलो. ती आली नाही. मॅडमना विचारलं तेव्हा त्या आनंदाने म्हणाल्या, अहो काका, सांगायचं राहिलंच, तुमचं उत्तर इतकं छान आहे की आता ते आपोआपच जातं, तुम्हाला बसायची गरज नाही.

थोड्याच वेळात माझ्या फोनवर ते आलं. श्रीमती अशी सुरुवात होती. आपली कथा प्राप्त झाली. आम्ही ती काळजीपूर्वक वाचली. तीत आयुष्य आहे. 'अवश्य'सकट सगळं होतं. मी ते दोनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. बोळात दिवा लागलेला होता आणि मशीन चाललं होतं.

माझं उत्तर मिळाल्यावर आजवर कुणीही दुसऱ्यांदा तक्रार केलेली नाही. मीही केली नाही.